काच जुनी, पण नक्षी कधीची?

ताई, तुमचा प्रश्न आणि सोबतचे पाच फोटो दोन दिवस पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमचे सासरे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये नोकरीला होते. तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी उंच दांड्याचा वाइनचा पेला आणला. दांड्याच्या पोटात पांढऱ्या धाग्यांचा पीळ आहे. वाटीवर गुलाबाचे फूल, दोन कळ्या, ओकचे पान आणि 'फियाट' हा लॅटिन शब्द कोरलेला आहे. तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'जॅकोबाइट, १७५०' असे लिहिले आहे (जॅकोबाइट म्हणजे कोण, ते पुढे येईल). ठाण्याच्या घरातल्या शोकेसमध्ये इतके पावसाळे काढून तो धुरकट झाला आहे. पेला खरा आहे का, पॉलिश करून घ्यावा का आणि सणावाराला वापरावा का, असे तुम्ही विचारले आहे.

पॉलिश करू नका. कोणी कितीही खात्री दिली तरी नाही. कारण पुढे येईलच, पण हे आधी सांगितलेले बरे.

आता खरेपणाकडे. मी तांब्याच्या चाकावर काच कोरतो आणि गेली तीसेक वर्षे लोकांच्या घरातली जुनी काच तपासून देतो. कोरलेल्या पेल्याला दोन जन्म असतात, एक भट्टीतला आणि एक चाकावरचा. दोन्हींमध्ये आठ दिवसांचे अंतर असेल किंवा दीडशे वर्षांचे. 'पेला जुना आहे का' असा एकच प्रश्न विचारला की हे दोन जन्म एकात मिसळतात आणि उत्तर चुकते. म्हणून काच कधीची ते आधी ठरवायचे. नक्षी कधीची हे त्यानंतर, अगदी कोऱ्या मनाने.

तुमच्या पेल्याची काच इंग्लिश आहे असे मला वाटते. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली नव्या प्रकारच्या काचेचे पेटंट घेतले. त्याची सुरुवातीची काच आतून बारीक तडे जाऊन धुरकट होत असे. मिश्रणात शिशाचे ऑक्साइड वाढवून त्याने हा दोष आटोक्यात आणला, आणि त्यातून जी काच जन्मली ती वजनदार, उजळ आणि हत्याराला मऊ लागणारी होती. साध्या काचेची घनता पाण्याच्या अडीच पट असते, शिशाच्या काचेची तीन पट किंवा त्याहून जास्त. हातात घेतल्याबरोबर हा फरक कळतो. वाटीला बोटाने हलकी टिचकी मारा. शिशाची काच घंटेसारखी वाजते आणि नाद रेंगाळतो. पण एवढ्यावर भिस्त ठेवू नका, कारण शिशाची काच आजही बनते आणि तीही तशीच वाजते.

त्यापेक्षा तळ पाहा. अठराव्या शतकातल्या इंग्लिश पेल्याची बैठक बहुतेक वेळा वाटीच्या तोंडाइतकी किंवा त्याहून थोडी रुंद असते आणि मध्यभागी टोपीसारखी उचललेली असते. कारागीर पेला घडवताना तो लोखंडी सळईला तळाकडून चिकटवून धरत असे. शेवटी सळई तोडली की तिथे खडबडीत वण राही. तो वण टेबलाला लागू नये म्हणून बैठक मधोमध उंच. तुमच्या दुसऱ्या फोटोत हा वण स्पष्ट दिसतो. बैठकीच्या कडेवरची झीजही मला बरी वाटली. दोनशे वर्षे टेबलांवर सरकलेल्या पेल्याच्या कडेवर ओरखडे सगळ्या दिशांनी, कमी-जास्त खोल पडतात. फरशीवर घासून म्हातारा केलेल्या पेल्याचे ओरखडे एकाच दिशेचे आणि एकसारखे असतात.

दांड्यातला पीळ हा कालखंड सांगणारा सगळ्यात चांगला साक्षीदार. आधी हवेचा पीळ आला. काचेच्या गरम गोळ्यात खळगे पाडायचे, त्यावर काचेचा आणखी एक थर घ्यायचा, म्हणजे खळग्यांत हवा कोंडते. मग तो गोळा ओढत ओढत पिळायचा. कोंडलेले बुडबुडे लांबून चांदीच्या तारांसारखे दिसू लागतात. हे दांडे साधारण १७४५ ते १७७० मधले. पांढऱ्या दुधी धाग्यांचा पीळ त्यानंतरचा, साधारण १७५५ ते १७८०. त्यात दुधी काचेच्या बारीक काड्या साच्याच्या आतल्या बाजूने उभ्या मांडतात, मधे पारदर्शक काचेचा वितळता गोळा दाबतात, काड्या त्याला चिकटतात आणि मग ओढून पीळ देतात. तुमच्या दांड्यात दुधी धागेच आहेत, म्हणजे चिठ्ठीवरचे १७५० हे साल नक्षीपर्यंत जायच्या आधी काचेपाशीच अडखळते.

या पिळांचे श्रेय नेहमी एका कराला देतात. १७४५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये काचेच्या कच्च्या मालावर वजनानुसार कर बसला, दर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ५१ किलोला, ९ शिलिंग ४ पेन्स. काच महाग झाली, पेले हलके झाले, आणि वजन कमी झाल्याची भरपाई सजावटीने केली गेली, असे सांगतात. मला हे अर्धेच पटते. त्या सुमारास सगळ्या युरोपात नाजूक, वेलबुट्टीदार रोकोको शैली बोकाळली होती, आणि जड घाटाच्या पेल्यांची आवड कर लागण्याआधीच ओसरत चालली होती. करामुळे त्या वळणाला वेग आला, इतके म्हणता येईल. हा कर मात्र पुढे पूर्ण शंभर वर्षे टिकला, १८४५ पर्यंत.

आता गुलाबाकडे. १६८८ मध्ये इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला गादी सोडून पळावे लागले. त्याच्या घराण्याचा हक्क मानणारे ते जॅकोबाइट. जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड १७४५ मध्ये स्कॉटलंडमध्ये उतरला, फौज घेऊन इंग्लंडात डर्बीपर्यंत आला, आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर त्याचा पराभव झाला. उघडपणे त्याचे नाव घेणे धोक्याचे होते. मग त्याच्या बाजूच्या जमीनदारांच्या मंडळींत पेले उंचावताना निष्ठा काचेवरून बोलू लागली. गुलाब म्हणजे राजमुकुट, कळ्या म्हणजे परदेशात असलेले वारस, ओकचे पान म्हणजे स्टुअर्ट घराण्याची खूण, असा अर्थ सहसा लावतात. कोणती कळी कोणाची यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. 'फियाट' म्हणजे 'तसे घडो'. 'रेडिआट' म्हणजे 'तो परत येवो', हाही शब्द सापडतो. समुद्रापलीकडच्या राजाच्या नावाने पिताना पेला पाण्याच्या भांड्यावरून फिरवत, अशी कथा सांगतात. या सगळ्यामुळे जॅकोबाइट पेल्याची किंमत तशाच साध्या पेल्याच्या अनेक पट असते. खोटी नक्षी जन्माला येते ती याच फरकातून.

साधा अठराव्या शतकातला पेला आजही बाजारात मिळतो. त्यावर चाकाने गुलाब काढला की काचेची प्रत्येक चाचणी पार पडते, कारण काच खरीच आहे. याचे पक्के नोंदले गेलेले उदाहरण डब्लिनचे आहे. फ्रान्झ टीझ (१८४२–१९३२) हा बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जन्मलेला निष्णात कारागीर तिथल्या काच कारखान्यासाठी काम करायला आला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले की ज्या ऐतिहासिक पेल्यांना आयर्लंडच्या राजकारणाचे अठराव्या शतकातले पुरावे समजून संग्रहालयांनी जपले होते, त्यांतल्या अनेकांवरची नक्षी त्याच्या हातची होती. हा माणूस कमअस्सल कारागीर नव्हता, उलट फार मोठा होता. ओळख पटली तीही त्याच्या हातावरूनच.

हात म्हणजे काय, हे समजायला चाकाजवळ बसावे लागेल. आडव्या फिरत्या दांड्याच्या टोकाला तांब्याची चकती बसवलेली असते. टाचणीच्या डोक्याएवढ्या चकतीपासून तळहाताएवढ्या चकतीपर्यंत, माझ्याकडे अशा सत्तरेक आहेत. कोणाची धार सपाट, कोणाची गोल, कोणाची पाचरीसारखी. पूर्वी हा दांडा पायाने फिरवत, आता मोटर असते. तांबे काचेपेक्षा मऊ, ते काच कापत नाही. कापते ते त्यावर लावलेले एमरीचे तेलातले लापण. एमरीत मुख्य खनिज कुरुंद. आपल्याकडे धार लावायला, घासायला वापरतात तोच. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही तमिळ 'कुरुंदम'वरून गेला आहे. मऊ तांब्यात एमरीचे कण रुततात आणि चकती सूक्ष्म कानशीच बनते.

पेला चकतीच्या खाली धरून वर दाबायचा असतो. चाक जागच्या जागी फिरते, हलते ती काच. दोन्ही कोपरे गादीवर टेकवून मनगटांनी पेला फिरवायचा, आणि जिथे चाक लागते नेमके तिथेच काळे तेलकट लापण पसरलेले असते. म्हणजे कोरत असताना कोरलेले दिसत नाही. पुसायचे, उजेडाकडे धरायचे, पुन्हा खाली न्यायचे. कान आणि बोटे जे सांगतील त्यावर विसंबायचे. मी शिकत होतो तेव्हा पहिले सहा महिने खिडकीच्या काचेच्या तुकड्यांवर सरळ रेघा आणि लंबगोल, एवढेच काम होते. तेव्हा राग यायचा. नंतर समजले की गुलाबाची पाकळी म्हणजे नीट सुरू होऊन नीट संपलेला लंबगोल, आणि हाताची ओळख त्या सुरू होण्यात आणि संपण्यात असते.

आणखी एक. ही नक्षी उलटी असते, म्हणजे जे उठून दिसायला हवे ते सर्वांत खोल कोरायचे. चेहरा कोरला तर नाकाचा शेंडा सर्वांत खोल खड्डा. बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो फुगीर भासतो. ही विद्या रत्ने आणि स्फटिक कोरणाऱ्यांकडून काचेवर आली. प्रागमध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी कास्पार लेहमान हे काम करत असे. १६०५ सालचा, त्याची सही असलेला पेला प्रागच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात आहे, आणि १६०९ मध्ये त्याला काच कोरण्याचा खास हक्कपत्राने अधिकार मिळाला. पुढे बोहेमियात खडू आणि पोटॅश घातलेली कठीण, जाड, स्वच्छ काच बनू लागली. तिच्यात खोल जाता येते, म्हणून चाकाचे काम तिथे बहरले. तिथला डोमिनिक बीमान (१८००–१८५७) फ्रांटिश्कोवी लाझ्ने या औषधी झऱ्यांच्या गावी उपचारांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना समोर बसवून काचेवर त्यांची व्यक्तिचित्रे कोरत असे. आजचे छायाचित्र काढतात तितक्या सहजपणे लोक त्याच्यासमोर बसत. त्याने कोरलेल्या गालाच्या वळणाचे मोठे केलेले छायाचित्र माझ्या बाकासमोर लावलेले आहे. इतक्या उथळ खोलीत इतके मांसल वळण कसे आले, हे मला आजही पूर्ण साधलेले नाही.

काच चाकानेच सजवतात असे नाही. हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने, ओरखडून रेघा काढण्याची पद्धत सोपी दिसते, आणि ती सोळाव्या-सतराव्या शतकात हौशी माणसांच्याही हातात होती. हॉलंडमधल्या लायडनचा कापडव्यापारी विलेम व्हान हेमस्केर्क (१६१३–१६९२) बाटल्यांवर आणि पेल्यांवर हिरकणीने सुलेखन करत असे. त्याच्या अक्षरांच्या वळणांत हात कुठे थांबलाच नाही असे वाटते. जॅकोबाइटांचे सर्वांत दुर्मीळ पेलेही हिरकणीचेच आहेत. त्यांच्यावर राजासाठीच्या प्रार्थनागीताच्या ओळी असतात आणि शेवटी 'आमेन', म्हणून त्यांना आमेन पेले म्हणतात. असे जेमतेम काही डझनच माहीत आहेत.

पण मला विचाराल तर काचेवरचे सगळ्यात हळुवार काम डच ठिपक्यांचे. फ्रान्स ग्रीनवुड (१६८०–१७६३) हा रॉटरडॅममध्ये जन्मलेला, डोर्डरेख्टमध्ये नगराच्या नोकरीत असलेला, कविता करणारा माणूस. त्याने १७२२ च्या सुमारास हिरकणीने रेघ ओढण्याऐवजी नुसते टोचायला सुरुवात केली. एकेक टोचा म्हणजे एक पांढरा ठिपका. दाट ठिपके तिथे उजेड, विरळ तिथे सावली, आणि जिथे काचेला हातच लावला नाही तिथे काळोख. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके असतात ते रेषेला वाट दाखवायला. इथे रेषाच नाही. समोरून उजेड असेल तर पेला रिकामा दिसतो. जरा तिरका धरला की त्यात फळांचा घड, एखादा चेहरा श्वासाच्या वाफेसारखा उमटतो आणि किंचित हलवला की विरतो. हेगचा डेव्हिड वोल्फ (१७३२–१७९८) याने ही कला टोकाला नेली. असे ठिपके कठीण बोहेमियन काचेत नीट पडत नाहीत, टवके निघतात. म्हणून डच कारागीर इंग्लिश धाटणीची शिशाची काच पसंत करत. त्यांच्या चाकावर कोरलेल्या पेल्यांवर मैत्रीच्या, बाळंतिणीच्या आणि बाळाच्या, जहाजांच्या, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भरभराटीच्या शुभेच्छा असत. सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार असलेली तीच कंपनी.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की दहापट मोठे करणारे भिंग आणि एक लहान बॅटरी घेऊन बसलात तर ही हत्यारे तुम्हाला स्वतःला ओळखता येतील. हिरकणीची रेघ बारीक असते आणि तिच्या कडांना सूक्ष्म टवके असतात. तांब्याच्या चाकाचा चरा होडीसारखा असतो, टोकांना निमुळता, मधे रुंद, आणि त्याचा पृष्ठभाग मऊसर करडा. ॲसिडने खाल्लेली काच सगळीकडे एकसारखी साटीनसारखी दिसते, तिला हाताची सुरुवात-शेवट नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने सुया फिरवून ॲसिडच्या वेटोळ्यांच्या माळा काढलेले पेले ढिगाने निघाले. वाळूच्या झोताचे काम १८७० नंतरचे, आणि तेही दाणेदार, एकसुरी. दाताच्या डॉक्टरांसारख्या फिरत्या टोच्याने कोरले असेल तर चऱ्याच्या आत थरथरीच्या समांतर रेघा दिसतात. लेझरने केलेल्या कामात शिंपल्यासारखे फुटके ठिपके असतात. शेवटच्या दोन-तीन खुणा दिसल्या तर अठराव्या शतकाची गोष्ट तिथेच संपते.

तुमच्या पेल्याचे काम चाकाचेच आहे, याबद्दल मला शंका नाही. चौथ्या फोटोत पानांच्या शिरा होडीसारख्या दिसतात. खरी अडचण वेगळी आहे. त्या काळच्या जॅकोबाइट गुलाबांत एक प्रकारचा साधेपणा असतो. पाकळ्या बहुधा सहा, थोड्या सपाट, छायेसाठी जाळीदार रेघांचे पट्टे, आणि मधून मधून चकचकीत केलेले छोटे लंबगोल. हे काम ग्राहकाला पटापट करून देणाऱ्या इंग्लिश हाताचे असते. तुमच्या गुलाबाच्या पाकळ्या एकमेकींवर खरोखर चढलेल्या आहेत, कडा खोल आहेत, आणि ओकच्या पानाला मुरड आहे. हे सुंदर काम आहे. पण त्यात मला बोहेमियन शिकवणीचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हात दिसतो. शिवाय जॅकोबाइट गुलाब जास्त करून हवेच्या पिळाच्या दांड्यांवर आढळतात. दुधी पिळावर ते येतच नाहीत असे नाही, पण कमी येतात. दोन कमी शक्यता एकाच पेल्यावर एकत्र आल्या की मी थबकतो.

यावर एक कसोटी आहे, आणि ती तुम्ही घरी करू शकता. वाटीवर वापराचे जुने ओरखडे असतीलच. त्यांतला एखादा ओरखडा गुलाबाच्या चऱ्याला जिथे छेदतो ती जागा भिंगाखाली शोधा. चरा खोल असतो, म्हणून ओरखडा त्याच्या तळात उतरत नाही, वरून उडी मारून जातो. हे दोन्ही बाबतीत सारखेच दिसते आणि इथे पुष्कळ लोक फसतात. पाहायचा आहे तो चऱ्याचा काठ. नक्षी आधीची आणि ओरखडा नंतरचा असेल तर ज्याने ओरखडले ती वस्तू काठाला ठेचकाळलेली असते. तिथे बारीकसा टवका दिसतो किंवा काठ गोलसर झालेला असतो. ओरखडा आधीचा आणि नक्षी नंतरची असेल तर चाकाने तो ओरखडा सुरीने कापावा तसा कापलेला असतो, काठ धारदार आणि अखंड. एका जागेवर निकाल देऊ नका. निदान सात-आठ छेद पाहा.

वाटीचे तोंडही तपासा. भट्टीच्या आचेवर गुळगुळीत केलेला ओठ गोलाई घेऊन असतो. टवका काढण्यासाठी घासून खाली आणलेला ओठ सपाट लागतो, आणि अशा पेल्यावर वरची नक्षी ओठाच्या फार जवळ आलेली दिसते. हे मी दुःखाने लिहितो आहे. पंचविशीत असताना एका घरच्या जुन्या पेल्याचा ओठ मी मालकांच्या आग्रहावरून घासला होता, जेमतेम दोन मिलिमीटर. त्याबरोबर द्राक्षवेलीच्या पट्टीची वरची तणावे गेली. पेला स्वच्छ दिसू लागला आणि मालक खूश झाले. मला मात्र ती वेल अजून डोळ्यांपुढे येते. अडीचशे वर्षे टिकलेले कोणाचे तरी काम मी एका दुपारी पुसून टाकले होते.

पॉलिशला मी नाही म्हणालो ते यासाठीच. पॉलिश म्हणजे काचेचा थर काढणे. चऱ्यांचा करडा मऊपणा, काठांवरची झीज, ओरखड्यांचे छेद, म्हणजे वर सांगितलेला सगळा पुरावा त्या थरातच असतो. ॲसिडने चकाकी आणली तर सगळेच एकदम जाते.

धुरकटपणाचे कारण बहुधा साधे आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद शोकेसमध्ये दमट हवा कोंडते, त्यावर स्वयंपाकघरातून आलेला तेलकट अंश बसतो. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, टबात तळाला जाड टॉवेल. नळ आणि सिंक दोन्हींपासून लांब. चऱ्यांतली घाण मऊ रंगाच्या ब्रशने, टाचणीने कधीच नाही. पुसताना वाटीच्या आत फडके घालून पिळायचे नाही. एका हातात बैठक आणि दुसऱ्या हाताने वाटी फिरवताना दांडा मोडतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या पेल्यांतले बहुतेक असेच मोडलेले असतात. धुतल्यावरही चिकट, ओलसर थर पुन्हा पुन्हा जमत असेल किंवा आत केसासारख्या रेषांचे जाळे दिसत असेल तर मात्र काच आतून आजारी आहे. मग ती पाण्याने धूत राहू नका. स्थिर, मध्यम कोरड्या हवेत ठेवा आणि वस्तुसंवर्धनाच्या जाणकाराला दाखवा. डिशवॉशरमध्ये तर ती कधीच नको. ठेवताना पेला सरळ उभा ठेवा, ओठावर उपडा नको, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावरही नको, कारण दमट कागदाचे डाग काचेवर पडतात.

वापरण्याबद्दल. शिशाच्या काचेत दारू महिनोन्‌महिने भरून ठेवली तर शिसे तिच्यात उतरते, म्हणून जुन्या डिकँटरमध्ये काही साठवू नये. सणाच्या दिवशी अर्धा तास एखाद्याने त्यातून प्यायले तर उतरणारे शिसे फार थोडे. तरी मी वापरू नका असेच म्हणेन, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला तर नाहीच. भर गर्दीत एका कोपराचा धक्का लागला की एवढ्या काळजीचा उपयोग काय?

माझा आत्ताचा कौल असा: काच १७६० च्या आसपासची, इंग्लिश, चांगल्या घाटाची. नक्षी त्यानंतर शंभरेक वर्षांनी, एखाद्या शिकलेल्या हाताने कोरलेली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. किंमत कमी होईल हे खरे, पण तुमच्या हातात दोन कारागिरांचे काम आहे आणि दुसरा पहिल्याइतकाच पटाईत होता. या विषयाची गोडी लागली तर हैदराबादला सालारजंग संग्रहालयात युरोपीय काचेचे दालन आहे. तिथे बोहेमियन आणि इंग्लिश काच जवळजवळ ठेवून पाहता येते. डोळा तयार व्हायला फोटोंपेक्षा अशा एका दुपारचा उपयोग जास्त होतो.

पक्के सांगायला मला तीन फोटो हवेत. वाटीच्या आत काळे मखमली कापड सैलसर घाला, खोलीत अंधार करा, बॅटरी डाव्या बाजूने जवळजवळ काचेला समांतर धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग टेकवा. एक फोटो गुलाबाच्या उजवीकडच्या तिसऱ्या पाकळीचा, कारण तुमच्या चौथ्या फोटोत तिच्या काठाला एक लांब ओरखडा भिडलेला दिसतो. दुसरा 'फियाट'मधल्या शेवटच्या अक्षराच्या टोकाचा. तिसरा वाटीच्या ओठाचा, बाजूने. आणि धुताना तळाची ती जुनी चिठ्ठी भिजू देऊ नका, काढूही नका. तारीख चुकीची असली तरी पेला कोणत्या हातांतून तुमच्या घरी आला, याचा तेवढाच लेखी पुरावा तुमच्याकडे आहे.